रिपोर्टच्या आठवड्यात आलेलं खोकं

बायोप्सीचा रिपोर्ट यायला एवढे दिवस का लागतात हे मला आता कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण त्या आठवड्यात मी दुसरं काही वाचलंच नाही. आईच्या मानेत उजव्या बाजूला, जबड्याच्या जरा खाली, गाठ आली होती. दुखत नव्हती म्हणून तिने बरेच दिवस कोणाला सांगितलंच नाही, मग संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला, रात्री घामाने उशी ओली व्हायला लागली, ब्लाउज सैल व्हायला लागले, तेव्हा कुठे बाईसाहेब बोलल्या. आधी सुईची तपासणी झाली, एफएनएसी, तिचा निकाल आला की नक्की सांगता येत नाही. मग डॉक्टर म्हणाले की गाठ पूर्णच काढून तपासू, कारण सुईतून सुट्या पेशी येतात, गाठीची आतली रचना दिसत नाही, आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, आहे का नाही हे बघायचं तर रचनाच बघावी लागते. लिम्फोमा हे नाव तिथे पहिल्यांदा निघालं. पुढच्याच वाक्यात ते असंही म्हणाले होते की टीबी असायचीही बरीच शक्यता आहे, ताप, घाम, वजन घटणं हे दोन्हीकडे सारखंच असतं. पण ते वाक्य दादाने ऐकलं, माझ्या कानापर्यंत आलंच नाही ते.

ऑपरेशन तसं छोटं होतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर सिस्टरने माझ्या हातात दोन डब्या ठेवल्या आणि म्हणाल्या, ह्या दोन वेगळ्या काउंटरला द्यायच्या, अदलाबदल करू नका हं. एका डबीत फॉर्मलिन, झाकण घट्ट असूनही नाकाला झोंबत होतं, आणि दुसरीत साधं सलाईन. दोन्हीत आईच्या गाठीचा एकेक तुकडा. मी विचारलं दोन कशाला, तर त्या चालता चालता म्हणाल्या की फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मेलेल्या जंतूंचं कल्चर, म्हणजे ते वाढवून बघणं, कसं करणार. म्हणजे एका डबीतून पेशी बघणार आणि दुसरीतून टीबीचे जंतू शोधणार. मी दोन हातांत दोन डब्या धरून पूर्ण कॉरिडॉर चालत गेले, पर्स काखेत, मोबाईल वाजतोय, आणि मनात एकच, उजवा हात फॉर्मलिन, डावा हात सलाईन. काउंटरवरच्या मुलाने दोन्हीवर स्टिकर लावले आणि सांगितलं, आठवडाभर तरी लागेल, फोन करून विचारा.

आठवडाभर का, तर फॉर्मलिनमध्ये तुकडा आधी नीट मुरावा लागतो, त्यालाच काही तासांपासून दोनेक दिवस जातात. मग अल्कोहोलमधून टप्प्याटप्प्याने त्यातलं पाणी काढतात, मग झायलीन नावाचं द्रावण, मग वितळलेलं मेण, हे सगळं बहुतेक रात्रभर मशीनमध्ये चालतं. मग त्या मेणाच्या ठोकळ्यातून ३ ते ५ मायक्रॉन जाडीची चकती कापतात. रक्तातली एक तांबडी पेशी साधारण ७ मायक्रॉनची असते, तिच्याहूनही ही चकती पातळ. मग रंग देतात, जांभळा आणि गुलाबी, आणि मग कोणीतरी माणूस मायक्रोस्कोपला डोळे लावून बसतो, शंका आली तर पुन्हा चकती कापा, वेगळा रंग द्या. हे कळल्यावर लॅबवरचा राग गेला माझा, पण वेळ काही कमी झाला नाही.

आणि त्या वेळेचं करायचं काय हाच प्रश्न होता. आई घरी आली होती, मानेला टाके, बाकी ठीक. करण्यासारखं असं काही नव्हतंच. आजारी माणसाचं करायचं असलं की बरं असतं, औषधं द्या, उठवा, बसवा, दिवस जातो. इथे आई स्वतःच सगळं करत होती आणि आम्ही तिच्याभोवती उगाच घुटमळत होतो. बाबा तेच पेपर परत परत वाचायचे. मी ऑफिसमधून सुट्टी घेऊन दर तासाला लॅबचं पोर्टल रिफ्रेश करायचे, जिथे सारखं "प्रक्रियेत आहे" एवढंच दिसायचं. आणि फोन! आत्या, मामी, बाबांचे ऑफिसातले जुने मित्र, शेजारचे, सगळे चांगल्या मनाने विचारणारे, पण प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, गाठ कुठे, केवढी, कधीपासून, आणि मग समोरच्याने कोणाच्यातरी ओळखीतल्या कोणाचातरी किस्सा सांगायचा जो बहुतेक वेळा वाईट संपायचा. शेवटी सगळ्यांचं एकच, काही लागलं तर सांग. आता काय लागतंय ते शोधून, मग ह्यांच्यातलं कोण ते करू शकेल ते ठरवून, मग संकोच बाजूला ठेवून फोन लावायचा, एवढं करायची ताकद असती तर मीच नसतं का केलं ते काम. लोक प्रेमानेच म्हणतात ते कळतं मला, मीही आयुष्यभर तेच म्हणत आलेय लोकांना.

आमचा चौघींचा कॉलेजपासूनचा ग्रुप आहे, मी आणि त्या तिघी. एक लांब दुसऱ्या देशात, एक तीन तासांच्या अंतरावर, आणि एक माझ्या लहानपणापासून आमच्या घरी पडीक असलेली, आईला ती जवळजवळ दुसरी मुलगीच. ग्रुपवर मी एवढंच टाकलं होतं की आईची बायोप्सी झालीये, रिपोर्टची वाट बघतोय, प्लीज फोन नका करू, बोलता येणार नाही. तिघींनी एकेक हार्ट टाकलं आणि ग्रुप गप्प. खरं सांगायचं तर ती शांतता जरा लागलीच मनाला. म्हणजे मीच फोन नको म्हटलं आणि मलाच वाटतंय की बघा कोणी विचारत नाहीये, माणूस अशा वेळी फार विचित्र वागतो.

मग एका दुपारी कुरिअरवाला खोकं घेऊन आला. मला वाटलं ड्रेसिंगचं सामान असेल, दादाने मागवलं असेल, म्हणून कात्रीने टेप कापत कापतच आत आणलं. आत सगळ्यात वर एक जाड वही, आणि तिच्या स्पायरलला दोरीने बांधलेलं पेन. बँकेत बांधलेलं असतं तसं. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, "डॉक्टरांना विचारायचं". खाली हिरव्या फेल्टची, म्हणजे जाड मऊ कापडाची, गुंडाळी. आणि त्याच्याखाली एक हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल, चित्र कसलं तर लाकडी फळीवर मांडलेली रंगीत दोऱ्यांची रिळं, शेकडो. सोबत एक कार्ड, लहानपणापासूनच्या मैत्रिणीच्या त्या वाकड्या अक्षरात: "उत्तर देऊ नकोस. थँक्यू तर अजिबात नको. नातेवाइकांचं मी बघतेय, नंबर दादाकडून घेतलेत. काही कळलं की मला एक ओळ टाक, सगळ्यांना मी कळवीन. तुझा फोन सायलेंटवर टाक आता."

मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, हो, नंबर मागितले होते तिने, मी दिले, पण हे पझलबिझल मला माहीत नव्हतं, मला वाटलं काहीतरी उपयोगाचं पाठवतील.

मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. फोनचं ते वाचून एकदम हलकं वाटलं, वही बघून तर हसूच आलं, पण पझल? घरात आईच्या रिपोर्टची वाट बघतायत आणि आपण टेबलावर खेळ मांडून बसायचं, बाबा काय म्हणतील, कोणी भेटायला आलं तर काय दिसेल ते. मी खोकं बंद करून कपाटाच्या वर ठेवायला निघाले तर आतून आईचा आवाज, "काय आलंय गं? दाखव तरी."

बस, तिथून पुढे ते पझल माझं राहिलंच नाही.

माझी आई गणिताची शिक्षिका, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण हाडाची. तिने खोकं हातात घेतलं, चष्मा लावला, चित्र बघितलं, मागचा मजकूर वाचला आणि म्हणाली, हजार तुकडे म्हणजे कसे, उभे किती आडवे किती? मी म्हटलं आई, मला काय माहीत. ती म्हणे, अगं कडेचे तुकडे वेगळे काढ, मोजता येईल. म्हणून आम्ही कडेचे वेगळे काढायला बसलो. एक बाजू सरळ असलेले सगळे एका ताटात, कोपऱ्याचे चार वेगळे. ह्यातच संध्याकाळ झाली. सगळी चौकट जुळायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली, आणि मग आईने बोटाने मोजलं, वरची कड ३८, बाजूची २७. जरा थांबली आणि म्हणाली, "अडतीस सत्ते सव्वीसशे... नाही नाही, अडतीस गुणिले सत्तावीस, एक हजार सव्वीस. हजार म्हणून विकतात आणि सव्वीस जास्त देतात, चांगलेयत लोक." मी नंतर बघितलं तर खरंच बऱ्याच कंपन्यांची हजाराची पझलं अशीच १०२६ ची असतात, कारण तुकडे साधारण चौकोनी ठेवायचे आणि चित्राचा आकारही साजेसा ठेवायचा तर नेमका हजार हा आकडा जमवायला अवघड जातो. आईने कडेचे किती हवेत तेही काढलं होतं, १२६, आणि ताटातले मोजले तर दोन कमी भरले. ते दोन तिच्याच मांडीवरच्या शालीत निघाले.

एक अडचण होती. टाक्यांमुळे आईला मान खाली घालता येत नव्हती, दोन मिनिटं टेबलाकडे वाकून बघितलं की ओढ बसायची. मग दादानेच, म्हणजे "काहीतरी उपयोगाचं" म्हणणाऱ्या दादानेच, जुन्या ड्रॉइंग बोर्डाला मागून दोन उशा लावल्या, वर ते फेल्ट अंथरलं आणि सगळं आईच्या डोळ्यांसमोर तिरकं उभं केलं. फेल्टवर तुकडे घसरत नाहीत. गुळगुळीत बोर्डावर लावलेले सगळे खाली आले असते, फेल्टवर ते चिकटल्यासारखे राहतात, थोडा उतार असला तरी. त्या तिघींनी ते गुंडाळून ठेवता यावं म्हणून पाठवलं होतं, आमच्याकडे ते असं कामाला आलं.

चौकट झाल्यावर रंग. आईची पद्धत ठरलेली, आधी वर्गीकरण, मग जुळवाजुळव. लालसर एका ताटात, हिरवे एका, निळे एका, आणि तपकिरी, म्हणजे मागची लाकडी फळी, ते सगळ्यात नकोसे, ते बाबांना दिले. बाबा कधी येऊन बसले ते कळलंच नाही. ते काही न बोलता तपकिरी तुकडे आकारावरून लावायचे, दोन खोबणी दोन खुंट्या असलेले एका रांगेत, तीन खोबणीवाले दुसऱ्या रांगेत, अगदी सैन्य उभं केल्यासारखे. पेपर तसाच घडी घातलेला.

ह्या पझलांचाही मोठा इतिहास आहे, रात्री झोप येत नव्हती तेव्हा वाचला. १७६० च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्याने लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून करवतीने कापला, मुलांना भूगोल शिकवायला. आणि सगळ्यात जास्त पझलं खपली कधी, तर १९३० च्या दशकातल्या महामंदीत, अमेरिकेत. नोकऱ्या गेलेल्या, घरी बसलेल्या लोकांनी पुठ्ठ्याची स्वस्त पझलं घेतली, काही ठिकाणी तर लायब्ररीतून पुस्तकासारखी घरी न्यायला मिळायची. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे हातात काही उरलेलं नाही अशा वेळी लोकांनी ह्याआधीही हेच केलंय, आम्हीच काही वेडे नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. घरात लिम्फोमा हे नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. आईसमोर आम्ही सगळे "गाठ" म्हणायचो, "रिपोर्ट" म्हणायचो, दादा तर "ते" म्हणायचा. तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी आई लालसर ताटातून एक तुकडा उचलून प्रकाशात धरून बघत होती, हा मरून आहे का विटकरी, आणि त्याच आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिम्फोमा म्हणजे कॅन्सरच ना गं?"

माझा हात तिथेच थांबला. मी म्हटलं तुला कोणी सांगितलं. ती म्हणाली, "फॉर्मवर लिहिलेलं होतं की. चष्मा होता मला." मग तिने तो तुकडा लावला, विटकरी निघाला, आणि पुढे विचारलं की किती प्रकारचा असतो, बरा होतो का, केमो म्हणजे नक्की काय देतात, केस जातातच का. मी जेवढं डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि नीट वाचलेलं तेवढं सांगितलं, की पुष्कळ प्रकार असतात, काही चांगले बरे होतात, प्रकार कळल्याशिवाय बाकी काही सांगता येत नाही, आणि टीबीही असू शकतो. ती म्हणाली, "टीबी निघाला तर बरं होईल." मग आम्ही दोघी खूप हसलो, म्हणजे आपल्या आईला टीबी व्हावा म्हणून बसलोय आपण. बाबा तपकिरी तुकड्यांतून वर न बघता म्हणाले, "मला चालेल." एवढंच.

समोरासमोर बसून हे बोलणं झालं नसतं. ह्याची मला खात्री आहे. आमच्या घरात डोळ्यांत बघून असलं काही बोलायची सवयच नाही, कोणीतरी रडेल म्हणून सगळे विषय बदलतात. इथे तिघांचे डोळे आणि हात बोर्डावर, गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही कारण तुकडा शोधताय, आणि बोलावंसं वाटलं की बोलायचं. मधे दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग आई म्हणाली, "वहीत लिही, केमोच्या आधी दातांचं दाखवायचं असतं का." लिहिलं. ती वही तोपर्यंत निम्मी आईच्याच अक्षराने भरली होती, प्रश्नांना नंबर घालून, समोर उत्तराला जागा सोडून.

रात्रीचं बोलायचं तर दोन-अडीचला जाग यायचीच, आणि जाग आली की डोळ्यांसमोर चित्रं सुरू व्हायची, तुम्हाला माहीत असतील कसली. आधी मी मोबाईल घ्यायचे आणि काहीतरी भयंकर वाचून ठेवायचे. नंतर मी उठून बाहेर जाऊन निळ्याच्या ताटातले दहा-पंधरा तुकडे लावून परत यायला लागले. २००९ साली एमिली होम्स नावाची मानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी ह्यांचा एक प्रयोग छापून आला होता, लोकांना अपघात वगैरेची भयानक दृश्यं दाखवून मग काहींना टेट्रिस, तो ठोकळे बसवायचा व्हिडिओ गेम, खेळायला दिलं, तर त्यांना नंतर ती दृश्यं आपोआप आठवायचं प्रमाण कमी निघालं, कारण आकार फिरवून बसवायच्या कामात मेंदूचा चित्रं बघणारा भाग गुंतून राहतो असं त्यांचं म्हणणं. माझं काही घडून गेलेलं नव्हतं, घडेल म्हणून भीती होती, त्यामुळे ते मला कितपत लागू होतं कोण जाणे, पण निळ्या रिळांचा फायदा झाला एवढं नक्की.

आठवड्याच्या मधेच एक वाईट दिवस आला. सलाईनच्या डबीतल्या तुकड्यावर जीन एक्सपर्ट नावाची टेस्ट करतात, मशीनमध्ये दोनेक तासांत टीबीच्या जंतूंचं डीएनए आहे का ते कळतं. तो रिपोर्ट आधी आला. निगेटिव्ह. म्हणजे आम्ही ज्याची वाट बघत होतो ते नव्हतं. दादाने फोन खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी वही उघडली आणि आईच्या अक्षरातला बारावा प्रश्न तिथे तयारच होता: "टीबीची तपासणी निगेटिव्ह आली तर टीबी नाहीच असं समजायचं का?" तिने हा प्रश्न आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, मास्तरीण शेवटी. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, नाही समजायचं, गाठीत जंतू फार कमी असतात, तुकड्यात आलेच नाहीत तर मशीनला सापडणार कुठून, फॉर्मलिनवाला रिपोर्ट येऊ दे. मी मैत्रिणीला एक ओळ टाकली, "एक टेस्ट निगेटिव्ह, मुख्य रिपोर्ट बाकी", आणि तिने ती सगळ्यांना कळवली असणार, कारण त्या दिवशी मला एकही फोन आला नाही. एकही नाही. ह्या भेटीची किंमत मला त्या दिवशी कळली. त्या संध्याकाळी मला आत्याला निगेटिव्ह म्हणजे चांगलं नाही हे समजावून सांगावं लागलं असतं तर मी काय बोलले असते काय माहीत.

त्या दिवशी पझलला कोणी हात लावला नाही.

मुख्य रिपोर्ट आला तेव्हा मी पोर्टल रिफ्रेश करत नव्हते, बाबांना तपकिरी फळीतला एक तुकडा सापडत नव्हता म्हणून सोफ्याखाली टॉर्च मारत होते. मेसेज दादाला आला. पाच ओळींचा रिपोर्ट, त्यातला बराचसा कळला नाही, पण "नेक्रोटायझिंग ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस" आणि त्याखाली मॅलिग्नन्सीचा, म्हणजे कॅन्सरचा, पुरावा नाही, एवढं कळलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हे टीबीचंच चित्र आहे, छातीचा एक्सरे स्वच्छ आहे म्हणजे घरातल्यांना लागायची काळजी नाही, उपचार सुरू करू, कल्चरचं नंतर येईल. आईने शांतपणे विचारलं, "किती महिने?" सहा. पहिले दोन महिने चार औषधं, मग कमी. ती म्हणाली ठीक आहे. बाबा उठून आत गेले आणि बराच वेळ बाथरूममधला नळ चालू होता.

मी ग्रुपवर टाकलं, "टीबी!!!" तीन उद्गारचिन्हं, कोणी परक्याने वाचलं असतं तर वेड्यातच काढलं असतं. आणि मग अर्ध्या मिनिटात तिघींचे फोन एकदम, आता फोन करू नका म्हणायची गरजच नव्हती.

तेव्हा कळलं की खोकं पाठवण्यावरून तिघींचं चांगलंच वाजलं होतं. परदेशातली म्हणत होती की पझल पाठवणं म्हणजे थट्टा केल्यासारखं दिसेल, आईला कॅन्सर असेल का म्हणून ती बसलीये आणि आपण खेळणी पाठवतोय. तीन तासांवरची म्हणाली की तिने फोन नको म्हटलंय म्हणजे काहीच नको, गप्प बसा. ते हार्ट टाकून ग्रुप गप्प झाला ना, तेव्हा ह्या दुसऱ्या ग्रुपवर भांडत होत्या, मी सोडून केलेल्या. शेवटी लहानपणीची म्हणाली, रागावली तर रागावू दे, मी पाठवते, नाव सगळ्यांचं टाकते. पेगी लिऊ नावाची संशोधक आणि तिचे सहकारी ह्यांचा २०२२ मधला एक अभ्यास आहे, पाच हजारांच्या वर लोकांवर केलेला, की आपण अचानक कोणाची विचारपूस केली, चिठ्ठी किंवा छोटंसं काही पाठवलं, तर समोरच्याला ते किती आवडेल ह्याचा अंदाज पाठवणारा नेहमी कमीच बांधतो, आणि जेवढं ते अनपेक्षित तेवढं ते जास्त आवडतं. मी ती लिंक परदेशातल्या बाईला पाठवली. तिने उत्तर दिलं की "अभ्यासात पझल होतं का?" नव्हतं.

उपचार सुरू व्हायच्या आधी डोळ्यांची तपासणी करायला सांगितली होती. चार औषधांतलं एक, इथॅम्ब्युटॉल, क्वचित डोळ्यांच्या नसेवर परिणाम करतं, आणि त्यात आधी रंगांची गडबड व्हायची शक्यता असते, विशेषतः लाल-हिरवा. म्हणून ठिपक्यांतले आकडे वाचायला लावतात, इशिहाराची ती पुस्तिका, १९१७ पासूनची. आईने सगळे आकडे धडाधड वाचले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं की मी गेले काही दिवस मरून आणि विटकरी वेगळं करतेय, मला काही विचारू नका. त्यांना काही कळलं नाही पण ते म्हणाले उत्तम, दिसण्यात किंवा रंगात काही फरक वाटला तर थांबू नका, लगेच या. चारांतलंच दुसरं एक, रिफॅम्पिसिन, त्याने लघवी केशरी होते हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर घरात दुसरा आठवडा सुरू झाला असता. गाठी उपचार चालू असतानाही मधे थोड्या वाढू शकतात हेही वहीत लिहून घेतलंय.

कल्चर पुढे बऱ्याच दिवसांनी पॉझिटिव्ह आलं. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो, काही साधे जंतू वीसेक मिनिटांत होतात, त्यामुळे सहा आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. रॉबर्ट कॉख ह्या जर्मन डॉक्टरने हा जंतू २४ मार्च १८८२ ला जगासमोर मांडला, आणि अजूनही तो वाढायची वाट बघण्याला पूर्ण पर्याय नाही. औषधं त्याच्यावर चालतायत हे मात्र त्यातून नक्की झालं.

पझल रिपोर्टच्या नंतरच्या रविवारी पूर्ण झालं, शेवटचा तपकिरी तुकडा बाबांनी लावला. मी म्हटलं फ्रेम करू या, तर आई म्हणाली कशाला, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच मोडून, रंगाप्रमाणे पिशव्या करून, पिशव्यांवर नंबर घालून खोक्यात भरलं. मग माझ्या फोनवरून त्या तिघींना व्हिडिओ कॉल लावला, थँक्यू नको असं कार्डावर लिहिलंय म्हणून थँक्यू म्हणाली नाही, सरळ तक्रारी सांगितल्या. एक तर फळी फार होती, आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात दोन रिळं अगदी सारख्या हिरव्याची आहेत, ज्याने चित्र काढलं त्याने तपासायला हवं होतं. मग विचारलं की दीड हजाराचं मिळतं का. सहा महिने औषधं आहेत म्हणे, वेळ आहे. परदेशातली म्हणाली मिळतं काकू, पाठवते, पण चित्र तुम्ही निवडा. आता तिघी आणि आई असा एक वेगळा ग्रुप आहे, मी त्यात नाही, चित्रं तिथे ठरतायत. दीड हजाराला तो ड्रॉइंग बोर्ड पुरायचा नाही, ते दादा बघणार आहे.